फोटोतली राणी, हातातली राणी: पैठणीच्या कॅटलॉगसाठी मॉनिटरचे कॅलिब्रेशन

पार्श्वभूमी

येवल्यातले पैठणीचे एक घरगुती दुकान. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दुकानाची बरीच विक्री आता फोटोवर होते: व्हॉट्सॲपवर, स्वतःच्या संकेतस्थळावर आणि लग्नसराईच्या आधी छापल्या जाणाऱ्या २४ पानी कॅटलॉगवर. फोटो काढायचे, एडिट करायचे आणि छापखान्याला फाइल द्यायची, ही तिन्ही कामे एकाच एडिटरकडे. वरच्या मजल्यावरच्या त्याच्या खोलीत दोन मॉनिटर. एक २७ इंची वाइड गॅमट, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त रंग दाखवणारा, ॲडोबी आरजीबी या मोठ्या रंगपल्ल्यातले जवळजवळ सगळे. दुसरा २४ इंची, कुठल्याही ऑफिसात असतो तसा साधा. विंडोज १०, फोटोशॉप, लाइटरूम. पश्चिमेला खिडकी, भिंती पिवळ्या, डोक्यावर ६५०० केल्विनची, म्हणजे थंड पांढऱ्या उजेडाची, एक ट्यूब.

मोठा मॉनिटर घेतला तेव्हा ओळखीच्या स्टुडिओतून जुना कलरीमीटर, म्हणजे पडद्याचा रंग मोजणारे यंत्र, आणून मॉनिटरचे कॅलिब्रेशन केले होते. सॉफ्टवेअरने शेवटी दिलेला रिपोर्ट एडिटरने जपून ठेवला होता: सरासरी डेल्टा ई ०.५, कमाल १.४. डेल्टा ई म्हणजे मागितलेला रंग आणि दिसलेला रंग यांतले अंतर. १ च्या खालचा फरक डोळ्याला सहसा कळत नाही. त्यामुळे मॉनिटरबद्दल शंका घ्यायचे कुणाला कारण वाटले नाही.

अडचण

तक्रारी तीन तऱ्हेच्या होत्या. पहिली गिऱ्हाइकांची: “दादा, फोटोतली राणी आणि ही राणी एक नाही.” फोटोत राणी रंग फिका, हातात चटक. दुसरी जरीची. सोनेरी जर फोनवर हिरवट दिसायची, श्रीखंडी आणि मोतिया अंगाच्या साड्यांवर तर फारच. तिसरी छपाईची. कॅटलॉग काळपट आला. वांगी आणि गडद डाळिंबी साड्यांच्या पदरावरची नक्षी अंधारात बुडाली. छापखान्याने हात झटकले: “फाइलमध्येच काळं आहे, आम्ही काय करणार?” ते खरेही होते.

मालकांचे म्हणणे मॉनिटर बिघडला, नवा घ्या. एडिटरचे म्हणणे रिपोर्ट चांगला आहे, म्हणजे मॉनिटर बरोबर. चूक फोनची आणि प्रेसची. तिन्ही तक्रारींना एकच कारण असेल असे दोघेही धरून चालले होते. प्रत्यक्षात तिघींची मुळे वेगळी निघाली, आणि एका मुळाने दुसरे झाकले होते.

पहिला निर्णय: मोजण्याआधी काय बघायचे

कॅलिब्रेशन पुन्हा करावे हा मोह अशा वेळी सगळ्यांना होतो. तो इथे आवरला, कारण कॅलिब्रेशन आणि प्रोफाइल ही दोन वेगळी कामे आहेत आणि बिघाड यांपैकी कशात आहे हे आधी ठरवायला हवे. कॅलिब्रेशन मॉनिटरला ठरावीक पद्धतीने वागायला लावते: पांढरा अमुक, उजेड अमुक, गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) अमुक. तो प्रत्यक्षात कसा वागतो हे प्रोफाइल लिहून ठेवते, आणि फोटोशॉपसारखे प्रोग्रॅम ते वाचून आकडे बदलून पाठवतात. मॉनिटर उत्तम आणि प्रोफाइल भलत्याचेच, अशी जोडी जमली तर रंग चुकतातच.

विंडोजच्या कलर मॅनेजमेंट खिडकीत ‘डिव्हाइस’ या यादीतून एकेक मॉनिटर निवडून पाहिला. दोन्हींना एकच प्रोफाइल जोडलेले होते, मोठ्या मॉनिटरचे. बहुधा ड्रायव्हर बदलताना किंवा केबलींची अदलाबदल करताना हे झाले असावे. याचा परिणाम मजेशीर होतो. वाइड गॅमट मॉनिटर मुळातच चटक असल्यामुळे त्याचे प्रोफाइल फोटोशॉपला सांगते, लाल जरा कमी पाठव. तीच सूचना साध्या मॉनिटरलाही लागू झाली, की तिथे रंग मलूल दिसतात. एडिटरला वाटायचे, छोटा मॉनिटर स्वस्तातला आहे, चालायचेच.

याच्या उलट गोष्ट मोठ्या मॉनिटरवर घडत होती. तयार जेपेग एडिटर एका साध्या फोटो व्ह्यूअरमध्ये उघडून शेवटची नजर टाकायचा. हा व्ह्यूअर प्रोफाइल वाचतच नव्हता. फाइलमधले आकडे जसेच्या तसे मॉनिटरला द्यायचा. एसआरजीबी हा फोन आणि संकेतस्थळांचा नेहमीचा रंगपल्ला. त्याचा लाल २५५ वाइड गॅमटवर गेला की तो त्या मॉनिटरचा लाल होतो, म्हणजे मुळापेक्षा कितीतरी भडक. राणी अंगावर यायची, मग एडिटर सॅच्युरेशन पंधरा-वीसने खाली आणायचा. तो फोटो गिऱ्हाइकाच्या फोनवर गेला की फिका. पहिल्या तक्रारीचे मूळ हे.

यात भर म्हणजे निम्म्या फाइली ॲडोबी आरजीबीत एक्स्पोर्ट झालेल्या. प्रोफाइल न वाचणारे ॲप त्यांना एसआरजीबी समजते आणि रंग आणखी उतरतो. आणि रात्री सातनंतर विंडोजचा नाइट लाइट, म्हणजे पडदा पिवळसर करणारी सोय, आपोआप सुरू होत होता. ते वेळापत्रक कुणी लावले होते कुणास ठाऊक.

केबलही पाहिली. एचडीएमआयवर ग्राफिक कार्ड कधीकधी टीव्हीसारखा मर्यादित पल्ला, म्हणजे ० ते २५५ ऐवजी १६ ते २३५, पाठवते आणि काळे धुरकट होते. इथे डिस्प्लेपोर्ट होते, सेटिंगही पूर्ण पल्ल्याचे. ही बाजू ठीक.

इथवर एक रुपया खर्च न होता एक तक्रार उलगडली. हिरवी जर आणि काळी छपाई मात्र तशीच होती.

मोजमाप: रिपोर्ट चांगला, मॉनिटर गुलाबी

मोठ्या मॉनिटरवर पांढरे पान उघडून शेजारी छोटा मॉनिटर ठेवला, की मोठा किंचित गुलाबी वाटायचा. नुसत्या डोळ्यावर विसंबायचे नाही म्हणून नाशिकच्या एका प्रूफिंग युनिटकडून, म्हणजे छपाईआधीचा नमुना काढून देणाऱ्यांकडून, अर्ध्या दिवसासाठी प्रकाशाचा वर्णपट मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर आणला. मॉनिटर तासभर चालू ठेवून तापवला आणि तोच पांढरा दोन्ही यंत्रांनी मोजला.

डी६५ या प्रमाण पांढऱ्याचे (दिवसाच्या उजेडासारख्या, सुमारे ६५०० केल्विनच्या) निर्देशांक एक्स ०.३१२७, वाय ०.३२९० असतात. जुन्या कलरीमीटरच्या मते मॉनिटर अगदी तिथेच होता. स्पेक्ट्रोफोटोमीटरने एक्स ०.३२१, वाय ०.३२२ दाखवले. एक्स वर, वाय खाली, म्हणजे गुलाबी. हा फरक उघड्या डोळ्याला दिसण्याइतका मोठा आहे.

कारण यंत्राच्या रचनेत आहे. कलरीमीटरमध्ये तीन रंगीत फिल्टर असतात आणि ते सरासरी माणसाच्या डोळ्याची नक्कल करतात. नक्कल कधीच तंतोतंत नसते. चूक किती होईल हे समोरच्या प्रकाशाच्या वर्णपटावर ठरते. साध्या पांढऱ्या एलईडी बॅकलाइटचा (पडद्यामागच्या दिव्याचा) वर्णपट एक, वाइड गॅमट बॅकलाइटचा दुसरा, त्यात लाल-हिरव्याची टोके अरुंद आणि उंच. बॅकलाइटप्रमाणे करेक्शन दिले नाही तर यंत्र चुकीचा पांढरा बरोबर म्हणून सांगते. शिवाय जुन्या कलरीमीटरांतले सेंद्रिय फिल्टर वर्षानुवर्षांत उतरतात, दमट हवेत लवकर.

मग डेल्टा ई ०.५ कुठून आला? कॅलिब्रेशन त्याच यंत्राने केले, पडताळणीही त्याच यंत्राने. स्वतःच पेपर काढायचा, स्वतःच सोडवायचा आणि स्वतःच तपासायचा, तर मार्क पडणारच. असा रिपोर्ट एवढेच सांगतो की प्रोफाइल आणि मॉनिटर एकमेकांशी जुळतात. दोघे मिळून खऱ्या रंगाशी जुळतात का, हे त्यातून कळत नाही. या प्रकरणातला कळीचा मुद्दा हाच, आणि अनुभवी लोकही इथे फसतात.

जरीचे कोडे इथे सुटले. मॉनिटर गुलाबी, म्हणून टेबलावरच्या साडीशी ताडून पाहताना एडिटरला जर तांबूस दिसायची. तो टिंटचा स्लायडर हिरव्याकडे ढकलायचा. त्याच्या पडद्यावर जर सोनेरी व्हायची, बाकी सगळीकडे हिरवट.

याच बैठकीत उजेडही मोजला. पांढरा २६४ निट, काळा ०.२७ निट (निट हे पडद्याच्या उजळपणाचे एकक). कॉन्ट्रास्ट साधारण ९८० ला १, पॅनेल निरोगी. पण २६४ निट हा उजेड छपाईच्या कामाला दुपटीहून जास्त. इतक्या उजेडात गडद भाग उघडे दिसतात, म्हणून एडिटर ते उजळत नव्हता. छापल्यावर ते काळे पडायचे. तिसऱ्या तक्रारीचे मूळ सापडले.

कोणते पर्याय समोर होते

सगळ्यात स्वस्त पर्याय मॉनिटरमधला तयार एसआरजीबी मोड लावायचा, उजेड कमी करायचा आणि थांबायचे. नव्वद टक्के काम फोनसाठीच असेल तर हा पर्याय अजिबात वाईट नाही, उलट अनेक दुकानांना हाच पुरेल. इथे दोन अडचणी आल्या. या मॉनिटरच्या एसआरजीबी मोडमध्ये ब्राइटनेस गोठलेला होता, आणि छपाईत उतरू शकणारे काही हिरवे-निळे रंग एसआरजीबीच्या बाहेर पडतात, ते दिसलेच नसते.

मालकांचा नव्या मॉनिटरचा पर्याय, म्हणजे स्वतःच्या आत कॅलिब्रेशन साठवणारा महागडा, तोही तोलून पाहिला. चांगला असतो, पण करेक्शन न देता तोच जुना कलरीमीटर त्यावर लावला असता तर तोही चुकीचाच झाला असता.

तिसरा पर्याय जुन्याच कलरीमीटरसाठी स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या मदतीने करेक्शन मॅट्रिक्स बनवण्याचा. दोन्ही यंत्रांनी लाल, हिरवा, निळा आणि पांढरा मोजायचा. आर्गिलसीएमएस हे मोफत सॉफ्टवेअर त्यातून गणित काढते. दिवसभरात काम झाले असते. पण मॅट्रिक्स ही त्या एका मॉनिटर आणि त्या एका यंत्रापुरती असते, आणि फिल्टर उतरत चाललेल्या यंत्राची मॅट्रिक्स सहा महिन्यांनी शिळी होते. त्यात हे यंत्र काळ्याच्या जवळ एकदा एक, एकदा दुसरे आकडे देत होते.

शेवटी नवा कलरीमीटर घ्यायचा आणि आर्गिलसीएमएस व त्यावर चालणारे डिस्प्लेकॅल वापरायचे ठरले. आजच्या कलरीमीटरांत सेन्सरची संवेदनशीलता यंत्रातच नोंदलेली असते, त्यामुळे बॅकलाइटच्या प्रकाराची सीसीएसएस फाइल, म्हणजे त्याच्या वर्णपटाची नोंद, दिली की करेक्शन होते. स्पेक्ट्रोफोटोमीटरच विकत घ्यायचा विचार मागे पडला, तो किमतीपेक्षा कामामुळे: या वर्गातली यंत्रे गडद रंगांत अडखळतात आणि संथ असतात. मॉनिटरवर रोजचे काम कलरीमीटरचे, साक्ष स्पेक्ट्रोफोटोमीटरची, हीच वाटणी बरी.

कृती: आधी खोली

मॉनिटर किती उजळ ठेवायचा याचे उत्तर मॉनिटरमध्ये नसते, शेजारी धरलेल्या कागदात असते. कागदाचा उजेड काढायचे सूत्र सोपे आहे: टेबलावरचे लक्स (तिथे पडणाऱ्या उजेडाचे माप) गुणिले कागदाची परावर्तकता, भागिले ३.१४. आर्ट पेपरची परावर्तकता ०.८८ धरली आणि टेबलावर ४०० लक्स असले तर ३५२ भागिले ३.१४, म्हणजे ११२ निट. उलट हिशेब केला तर २६४ निटच्या मॉनिटरशी जुळायला टेबलावर ९४० लक्स लागले असते. खोलीत होते १८०. कॅटलॉग काळा वाटला यात नवल नाही.

खिडकीला जाड पडदा आला. मॉनिटरच्या मागची आणि एडिटरच्या पाठीमागची भिंत फिक्या राखाडी रंगाने रंगवली. पिवळी भिंत पडद्यावर आणि साडीवर दोन्हीकडे रंग टाकत होती. ट्यूब काढून ५००० केल्विनच्या, सीआरआय ९५ च्या, म्हणजे रंग खरे दाखवणाऱ्या, दोन एलईडी ट्यूब लावल्या आणि त्यांची उंची अशी ठेवली की टेबलावर लक्समीटर ४०० दाखवील. छापील कागद बघण्यासाठीचे आयएसओ ३६६४ हे मानक व्यावहारिक तपासणीला ५०० लक्स सांगते. ४०० त्याच्या परवानगीच्या पट्ट्यात बसतात.

मग मॉनिटर

फॅक्टरी रीसेट. मग डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, इको मोड, खोलीच्या उजेडाप्रमाणे आपोआप बदलणारा सेन्सर, सगळे बंद. विंडोजचा नाइट लाइट आणि एचडीआर बंद, ग्राफिक कार्डच्या पॅनेलमधले रंगाचे स्लायडर मूळ जागी. जुने प्रोफाइल दोन्ही मॉनिटरांवरून काढले. कलर मोड ‘युझर’, कारण आरजीबी गेन (लाल, हिरव्या, निळ्याची पातळी) तिथेच हलवता येतात. मॉनिटर तासभर चालू. अर्धा तास ही किमान मर्यादा समजावी.

मॉनिटर थोडा मागे कलवला, म्हणजे कलरीमीटर स्वतःच्या वजनाने काचेला चिकटून राहतो. मध्ये फट राहिली की खोलीचा उजेड आत शिरतो आणि गडद रंगांचे आकडे फुगतात. केबलचे वजन मॉनिटरच्या मागे सोडून समतोल साधला. ट्यूब बंद, स्क्रीनसेव्हर बंद.

रीसेट झाल्यावर पांढरा ७३०० केल्विनच्या आसपास होता, म्हणजे निळसर. सॉफ्टवेअरला ‘कर ६५००’ म्हटले असते तर त्याने केलेही असते, पण ते ग्राफिक कार्डमधल्या आकड्यांच्या तक्त्यात निळा वाहक (चॅनेल) खाली ओढून. आठ बिटांत पायऱ्या २५६ च. त्यातल्या वीसेक गेल्या की आकाशासारख्या सपाट पार्श्वभूमीवर पट्टे उठतात. म्हणून पांढरा आधी मॉनिटरच्या बटणांनी आणायचा. लाल गेन १०० वर तसाच ठेवला, निळा ९१ आणि हिरवा ९६ पर्यंत उतरवला. नियम असा की एक वाहक वर राहू द्यायचा आणि बाकीचे खाली आणायचे. कुणालाही मुळापेक्षा वर चढवले तर उजळ भाग कापले जातात. ब्राइटनेस ११० निटवर. सॉफ्टवेअरला फक्त बारीक सफाई उरली.

बाकीची लक्ष्ये: गॅमा २.२. काळ्या बिंदूची रंगदुरुस्ती बंद, कारण काळा तटस्थ करायला गेले की तो उचलला जातो आणि कॉन्ट्रास्ट पडतो. पैठणीच्या गडद काठांसाठी तो सौदा परवडणारा नव्हता.

पांढरा डी५० की डी६५

यावर सगळ्यात जास्त चर्चा झाली. ट्यूब ५००० केल्विनच्या, प्रूफही त्याच उजेडात बघायचे, मग मॉनिटरही डी५०, म्हणजे ५००० केल्विनच्या पिवळसर पांढऱ्यावर, का नको? छापखान्यांत आणि प्रूफिंगमध्ये तो रिवाज आहेच. एक संध्याकाळ डी५० करून पाहिले. कागदाशी जुळणी सुधारली, पण निळा वाहक खूप खाली गेल्याने उजेड आणि पायऱ्या घटल्या, आणि फोनसाठी एडिट करताना एडिटर पांढऱ्या पार्श्वभूमीला निळे करू लागला. काम मुख्यतः फोनचे आणि एसआरजीबीचा पांढरा डी६५. म्हणून डी६५ कायम केला.

छपाईसाठी मात्र फोटोशॉपमध्ये सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छापल्यावर कसे दिसेल याची पडद्यावरची नक्कल, लावायचा, कागदाचा रंग दाखवायचा पर्याय चालू करायचा आणि चित्र पूर्ण पडद्यावर न्यायचे, असे ठरले. मेनूचा पांढरा पट्टा कोपऱ्यात राहिला तर डोळा त्याच्याशी तुलना करतो आणि कागद मळका वाटतो. हा पर्याय टिचकवताना नजर क्षणभर दुसरीकडे ठेवावी. रंग डोळ्यांदेखत पडताना पाहिला की मन खट्टू होते आणि हात स्लायडरकडे जातो.

प्रोफाइल आणि पडताळणी

पहिले प्रोफाइल आकड्यांचे टेबल असलेले, म्हणजे एलयूटी प्रकारचे केले. आकडे सुरेख आले. पण एका साध्या प्रोग्रॅमला ते धड वाचता येईना आणि ग्रेडियंटमध्ये टप्पे दिसले. मग एकच कर्व्ह आणि मॅट्रिक्स, हा साधा प्रकार. सरासरी डेल्टा ई ०.५ चा ०.७ झाला, कमाल १.९, तोही गडद निळ्यात. चांगल्या आयपीएस पॅनेलवर मॅट्रिक्स पुरते. आकड्यांचे टेबल हवे, ते पॅनेल वेडेवाकडे वागत असेल तरच.

स्पेक्ट्रोफोटोमीटर दुसऱ्यांदा मागवला. त्याचा पांढरा आणि नव्या कलरीमीटरचा पांढरा यांत एक्स आणि वाय दोन्हींत ०.००२ पेक्षा कमी फरक आला. मॅट्रिक्स करेक्शन बनवायची गरज उरली नाही, सीसीएसएस पुरेशी ठरली. पडद्याचे २५ चौकोन करून उजेडही मोजला: डावा खालचा कोपरा मधल्यापेक्षा ९ टक्के मंद. एडिटरला सांगितले, रंगाचा निर्णय मधल्या भागात घ्यायचा, थंबनेल कोपऱ्यात.

छोट्या मॉनिटरचे वेगळे कॅलिब्रेशन, वेगळे प्रोफाइल, आणि फाइलच्या नावात मॉनिटरचे नाव व तारीख. त्या साध्या पांढऱ्या एलईडी पॅनेलला वेगळी सीसीएसएस लागली. मोठ्याचीच राहू दिली असती तर जुनी चूक उलट बाजूने परत आली असती. तयार जेपेग आता प्रोफाइल वाचणाऱ्या व्ह्यूअरमध्ये आणि छोट्या मॉनिटरवर बघायचे. एक्स्पोर्ट करताना एसआरजीबीत रूपांतर करायचे आणि प्रोफाइल जोडायचे. नुसते एसआरजीबीचे लेबल चिकटवून चालत नाही. तेवढ्याने आकडे तेच राहतात आणि रंग बदलतो. दुकानाचा फोन ‘व्हिव्हिड’वर होता, तो ‘नॅचरल’ केला. गिऱ्हाइकांच्या फोनला अर्थात कोण काय करणार.

छपाई

छापखान्याकडे मशीनचे स्वतःचे प्रोफाइल नव्हते. अशा वेळी एखादे मानक घेऊन दोघांनी त्याला बांधून घेणे बरे. आर्ट पेपरसाठी फोग्रा ३९ या छपाईच्या मानकावर बेतलेले, एकूण शाई ३०० टक्क्यांवर रोखणारे प्रोफाइल निवडले. गडद वांगी रंगात चारी शाया एकावर एक चढून कागद ओला राहतो आणि नक्षी शाईने बुजते. ३०० ची मर्यादा त्यासाठी. प्रूफिंग युनिटकडून त्याच प्रोफाइलचा प्रूफ काढून मशीनवर दिला.

सॉफ्ट प्रूफमध्ये गॅमटबाहेरचे, म्हणजे छापता न येणारे, रंग राखाडी दाखवायची सोय लावली, तर राणीचे अर्धे पान आणि निळसर जांभळ्याची दोन पाने राखाडी झाली. हे रंग चार शायांत नाहीतच. पाचवी शाई घ्यायची का यावर विचार झाला आणि खर्च पाहून सोडला. एडिटरने सॅच्युरेशन यंत्राला कापू न देता स्वतः हलके उतरवले, म्हणजे रंग दबला तरी रेशमाच्या घड्या शाबूत राहिल्या.

निष्पत्ती

नवा कॅटलॉग उघडा आला. डाळिंबी पदरातले मोर मोजता येत होते. मशीनवरचा कागद आणि पडद्यावरचा सॉफ्ट प्रूफ शेजारी धरले तर राणी आणि जांभळा सोडता नजरेत भरेल असा फरक नव्हता. फिकी राणी आणि हिरवी जर या तक्रारी पुढच्या हंगामात जवळपास थांबल्या.

‘उन्हात वेगळी दिसते’ ही तक्रार राहिली, ती राहणारच. अनेक पैठण्यांत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्याचा असतो. धूप-छाव साडी हलली की रंग बदलतो. त्यात रंगवलेले रेशीम एलईडीखाली एक आणि उन्हात दुसरे दिसू शकते. मॉनिटर कितीही अचूक असला तरी एका फोटोत हे मावत नाही. अशा साड्यांचे आता दोन कोनांतले फोटो आणि पदर हलवून दाखवणारा छोटा व्हिडिओ जातो. फोटो काढताना २४ चौकोनांचा रंगतक्ता प्रत्येक प्रकाशयोजनेत एकदा टिपला जातो, कारण खिडकी आणि ट्यूब यांच्या मिश्र उजेडात काढलेला फोटो कुठल्याच मॉनिटरवर सुधारत नाही.

वेगळे काय करता आले असते

खोलीचे लक्स पहिल्याच दिवशी मोजले असते तर काळ्या कॅटलॉगचे कारण पाच मिनिटांत हाती आले असते. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही, साधा लक्समीटर पुरतो.

स्पेक्ट्रोफोटोमीटर दोनदा आणावा लागला, कारण पहिल्या वेळी नवा कलरीमीटर हातात नव्हता. बॅकलाइट वाइड गॅमट आहे आणि जुन्या यंत्राला करेक्शन दिलेले नाही, एवढ्या दोन गोष्टींवरून चूक कुठे असणार याचा अंदाज बांधता येत होता. कलरीमीटर आधी मागवून एकाच फेरीत जुनी चूक पकडायची आणि नवे यंत्र तपासायचे, असा क्रम लावता आला असता.

आधी एडिट केलेल्या शेकडो फोटोंचे काय, हा निर्णय सगळ्यात उशिरा झाला. एकच उलटी दुरुस्ती सगळ्यांवर मारावी अशी सूचना होती. ती चालणार नव्हती: एडिटरने प्रत्येक फोटोत डोळ्याने वेगवेगळा हिरवा घातला होता, काही नाइट लाइटखाली, काही दुपारी पिवळ्या भिंतीच्या उजेडात. शेवटी कॅटलॉगमधल्या आणि सतत विकल्या जाणाऱ्या साड्यांचे फोटो मूळ रॉ फाइलींतून नव्याने केले आणि बाकीचे संकेतस्थळावरून उतरवले. हे पहिल्याच आठवड्यात ठरले असते तर मधल्या काळात जुन्या फोटोंवर गेलेल्या ऑर्डरी वाचल्या असत्या.

मॉनिटर आता महिन्यातून एकदा मोजला जातो, मोजला म्हणजे फक्त पडताळला. पांढरा आणि उजेड हलले असतील तरच नवे कॅलिब्रेशन. दर आठवड्याला नवे प्रोफाइल बनवले तर जुन्या आणि नव्या फोटोंत विनाकारण फरक पडतो. ड्रायव्हर किंवा विंडोज अपडेट झाल्यावर मात्र त्याच दिवशी कलर मॅनेजमेंटची खिडकी उघडून कुठल्या मॉनिटरला कुठले प्रोफाइल आहे ते बघायचे. त्या दोन नावांचा एक कागद टेबलाच्या काचेखाली ठेवलेला आहे.